दोन डब्यांच्या मधली जागा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात रेल्वेच्या डब्यांच्या जोडणीविषयी खान्देशातून पाच पत्रे आली. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण बाकीच्या प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : माझे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. डबे जोडताना बफरखालून वाकून आत जावे लागते, असे ते सांगत. आता भुसावळच्या फलाटावर पाहते, तर लाल डब्यांना बाजूचे बफरच नाहीत. बफर नेमके कशासाठी होते आणि ते काढून टाकणे कसे जमले? – एक वाचक भगिनी, भुसावळ

उत्तर : आपल्या वडिलांनी सांगितले ते शब्दशः खरे आहे. या कामाविषयी लिहिताना मला नेहमी यंत्राच्या आधी तो वाकलेला माणूसच आठवतो, कारण माझी बरीच नोकरी डब्यांच्या तपासणीत गेली आणि अशी माणसे मी रोज पाहिली.

दोन डब्यांमधल्या जोडणीला दोन कामे करावी लागतात. इंजिन निघाले की ओढ सोसायची, आणि ब्रेक लागला किंवा गाडी उताराला लागली की मागून येणारा रेटा सोसायचा. विहिरीच्या मोटेचा दोर ओढ सोसतो, पण दोराने काही ढकलता येत नाही. बैलगाडीची दांडी मात्र चढावर ओढ घेते आणि उतारावर रेटाही घेते. जुन्या निळ्या डब्यांची जोडणी दोराच्या जातीची आहे. मधोमध असलेल्या हुकात अडकवलेले स्क्रू कपलिंग फक्त ओढते, म्हणून रेटा झेलण्यासाठी डब्याच्या दोन्ही अंगांना स्प्रिंग असलेले एकेक बफर द्यावे लागते. मुंबईहून परतताना कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात आणि ३७ फुटांना १ फूट असा तो चढ गाडी चढते. त्या वेळी मागून आलेला सगळा जोर निळ्या डब्यांच्या गाडीत या बाजूच्या बफरांमधूनच पुढे जातो.

ही पद्धत इंग्लंडमधून आपल्याकडे आली. सुरुवातीच्या गाड्यांचे डबे नुसत्या साखळीने जोडलेले असत, त्यामुळे गाडी निघताना आणि थांबताना प्रवासी अक्षरशः एकमेकांवर आपटत. लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेचे सचिव हेन्री बूथ यांनी १८३० च्या दशकात साखळीच्या जागी दोन्ही बाजूंनी आवळता येणारा स्क्रू आणला. स्क्रू आवळला की दोन डब्यांचे बफर एकमेकांना टेकतात, मधली मोकळीक जाते आणि गाडी एकसंध हलते. प्रवाशाच्या दृष्टीने ती फार मोठी सोय होती. मात्र तो स्क्रू आवळायला माणूस आत जाणे भाग होते, आणि जवळजवळ दोन शतके तो जातच राहिला.

ते काम जवळून कसे दिसते, हे सांगतो. इंजिन डब्याला हलकेच टेकते, बफर दबतात आणि गाडी पूर्ण थांबते. मग पॉइंट्समन बफरखालून वाकून दोन्ही रुळांच्या मध्ये उभा राहतो. खान्देशातल्या मे महिन्यात दुपारी त्या लोखंडाला उघड्या हाताने स्पर्श करवत नाही, म्हणून आमच्याकडची माणसे ओले फडके किंवा गोणपाटाचा तुकडा जवळ ठेवत. कपलिंग उचलून समोरच्या हुकात टाकायचे, स्क्रूचा दांडा फिरवत बफर नीट भिडेपर्यंत आवळायचे, ब्रेकचे होजपाइप जोडायचे, त्यांचे कॉक उघडायचे आणि पुन्हा वाकून बाहेर यायचे. बफरच्या तबकडीवर ग्रीस असते, त्यामुळे संध्याकाळी घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या सदऱ्याच्या पाठीवर एक काळा गोल उमटलेला असे. आपण तो वडिलांच्या सदऱ्यावर पाहिला असेल. वाहने पूर्ण थांबल्याशिवाय आत जायचे नाही, हा नियम कडक आहे. तरी घाईच्या एका रात्री एका यार्डात तो मोडला गेला आणि माझ्या एका सहकाऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. गाडी मात्र वेळेवर सुटली, आणि ती गोष्ट मला आजही बोचते.

युरोपातील रेल्वेंनी १८८० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील बर्न येथे एकत्र बसून वाहनांची समान मापे ठरवली. बफरांच्या मधल्या भागात जोडणाऱ्या माणसाला उभे राहण्यापुरती मोकळी जागा ठेवण्याच्या नियमाला त्या शहराचेच नाव मिळाले. त्या चौकटीत वाहनाचा कोणताही भाग घुसता कामा नये, असा तो नियम आहे. माणसाला आत जाण्यापासून वाचवता येत नसेल, तर निदान त्याची जागा तरी राखायची, असा त्यामागचा विचार होता आणि मला तो मोलाचा वाटतो.

आता लाल डब्यांविषयी. चेन्नईतील पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून स्विस घडणीवर तयार होत आलेले निळे डबे २०१८ पर्यंत बनत होते. लाल डबे मूळ लिंके-हॉफमान-बुश या जर्मन कंपनीच्या घडणीचे असून तिच्या आद्याक्षरांवरून त्यांना आपण एलएचबी म्हणतो. त्यांच्या मध्यभागी जे सेंटर बफर कपलर असते, ज्याला सगळे सीबीसी म्हणतात, ते बैलगाडीच्या दांडीच्या जातीचे आहे. ओढ आणि रेटा अशी दोन्ही कामे तेच एकटे करते, त्यामुळे बाजूच्या बफरांना कामच उरले नाही. दोन डबे एकमेकांवर आणले की ते आपोआप अडकते आणि डबे सोडवताना बाजूला उभे राहून दांडा उचलायचा असतो. ब्रेकचे पाइप जोडायला अजूनही आत जावे लागते, पण जड लोखंड छातीशी धरून आवळण्याचे काम संपले.

याहून मोठा लाभ अपघाताच्या वेळी दिसतो. स्क्रू कपलिंगच्या गाडीची धडक झाली की कपलिंग सैल पडते, एक बफर दुसऱ्याच्या वर सरकते आणि एक डबा दुसऱ्यावर चढतो किंवा त्याच्यात घुसतो. हे होऊ नये म्हणून बफरांची उंची जपावी लागते. आपल्या ब्रॉडगेजवर रुळापासून बफरच्या मध्यापर्यंतचे अंतर रिकाम्या वाहनाला जास्तीत जास्त १,१०५ मिलिमीटर आणि भरलेल्या वाहनाला कमीत कमी १,०३० मिलिमीटर असावे लागते. ७५ मिलिमीटरच्या या मर्यादेसाठी आम्ही माप घेऊन गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत असू. लाल डब्यांचे कपलर वर-खाली सरकू शकत नाहीत अशा रीतीने एकमेकांत गुंतलेले असतात. गाडी रुळांवरून घसरली तरी शेजारचे डबे एकमेकांना धरून ठेवतात आणि एकावर एक चढण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

प्रश्न : लाल डब्यांची घडण जर्मन, तर त्यांचे कपलिंग अमेरिकन कसे? आणि इंजिनाच्या तोंडावर बफर आणि सीबीसी दोन्ही का असतात? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. जर्मनीत प्रवासी डब्यांना आजही बाजूचे बफर आणि स्क्रू कपलिंग असते. आपण डब्याची घडण तिथून घेतली, जोडणी मात्र अमेरिकन वंशाची निवडली, कारण आपल्या मालगाड्यांवर ती कित्येक वर्षे आधीपासून रुळली होती.

या जोडणीची कथा अमेरिकेच्या मालगाड्यांपासून सुरू होते. तिथे एका डब्याच्या खोबणीत लोखंडी कडी असे. समोरचा डबा येत असताना ब्रेकमनने ती हाताने उचलून दुसऱ्या खोबणीत घालायची आणि वरून खिळा टाकायचा. एक क्षण चुकला की बोटे जात. नोकरी मागायला आलेल्या माणसाची तुटलेली बोटे पाहून त्याला अनुभव आहे असे समजले जाई, असे त्या काळाविषयी सांगतात. व्हर्जिनियाचे एली जॅनी हे व्यवसायाने अभियंता नव्हते, ते कापड दुकानात कारकून होते. त्यांनी लाकूड कोरून नमुना केला आणि १८७३ मध्ये पेटंट घेतले. दोन्ही हातांची बोटे आकड्यासारखी वाकवून एकमेकांत अडकवून पाहा, म्हणजे त्यांची कल्पना कळेल. बिजागरीवर फिरणारे एक बोट, ज्याला आपल्याकडे नकल म्हणतात, समोरच्या कपलरचा धक्का लागताच मिटते आणि आतली लोखंडी कळ आपल्या वजनाने खाली पडून त्याला कुलूप लावते.

युक्ती सापडली, तरी ती लगेच लागू झाली नाही. आयोवाचे शेतकरी लोरेन्झो कॉफिन यांनी एका ब्रेकमनची बोटे डोळ्यांदेखत जाताना पाहिली आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी सभा, पत्रे आणि भेटीगाठींत घालवली. अखेर २ मार्च १८९३ रोजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी कायद्यावर सही केली आणि आपोआप जुळणारे कपलर व गाडीभर चालणारे ब्रेक बंधनकारक झाले. मुळात शेतकरी असलेल्या माणसाने हे घडवून आणले, म्हणून या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचे नाव त्यांचे वाटते.

त्याच वंशाचे कपलर पुढे कॅनडा, मेक्सिको, चीन, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांत पसरले. रशियाने दुसरी वाट धरली. त्यांचे एसए-३ हे कपलर ब्रिटनमध्ये जन्मलेल्या विलिसन कपलरवरून घेतलेले असून त्यात फिरणारी नकल नसते. एक मोठा आणि एक लहान असे दोन स्थिर दात असतात आणि ते समोरच्या दातांत सरकून बसतात. अमेरिकन पद्धतीत दोनपैकी निदान एक नकल उघडी असावी लागते, रशियन पद्धतीत तीही अट नाही. १९३० च्या दशकात सुरू झालेला हा बदल सोव्हिएत संघाने १९५७ पर्यंत पुरा केला. फिनलंडमध्ये काही इंजिनांवर रशियन आणि युरोपीय या दोन्ही जोडण्यांची सोय ठेवावी लागते, आणि आपल्या इंजिनांची स्थिती नेमकी अशीच आहे. एकाच इंजिनाला आज बॉक्सएन प्रकारच्या उघड्या वाघिणींची (मालडब्यांची) मालगाडी आणि उद्या निळ्या डब्यांची गाडी ओढावी लागू शकते. म्हणून त्याच्या तोंडावर मध्ये सीबीसी, बाजूंना बफर आणि गरज पडली तर सीबीसीला अडकवायचे स्क्रू कपलिंग, असे तिन्ही असते. भुसावळच्या फलाटाच्या टोकाला उभ्या असलेल्या इंजिनावर हे सगळे एका दृष्टिक्षेपात दिसेल.

प्रश्न : आमच्या पाचोरा–जामनेर गाडीला मध्ये एकच बफर होते. ते मागासलेपणाचे लक्षण होते का? – एक निवृत्त शिक्षक, पाचोरा

उत्तर : मुळीच नाही. गुरुजी, ती गाडी जेमतेम ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावत होती आणि लहान गेजचे मार्ग मुद्दाम अधिक तीव्र वळणांचे बांधले जातात. तीव्र वळणावर आतल्या बाजूचे बफर दाबले जातात, बाहेरच्या बाजूचे एकमेकांपासून दूर होतात आणि उलटसुलट वळण आले की तबकड्या एकमेकींमागे जाऊन अडकतात. मध्यभागी एकच बफर आणि त्यातच हुक, अशी रचना असली की ही अडचण उद्भवत नाही. जगभरच्या लहान गेजच्या रेल्वेंनी याच कारणाने मध्यवर्ती बफर स्वीकारले. मोठ्या गाड्यांनी जे पुढे आधुनिक म्हणून घेतले, ते तत्त्व आपली ही लहान गाडी आधीपासून वापरत होती. ती आता बंद झाली याचे दुःख आपल्याइतकेच मलाही आहे.

प्रश्न : पूर्वी आम्ही केळी रेल्वेने दिल्लीला पाठवत असू. मालगाडी सुटताना खडखड आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि मागच्या वाघिणींना जास्त हिसका बसतो. हे असे का होते? – एक केळी उत्पादक, रावेर

उत्तर : प्रत्येक सीबीसीत थोडी मोकळीक असते. दोन नकलांमधली ती जागा जेमतेम बोटभर असली, तरी ५८ वाघिणींच्या गाडीत ती एकूण कित्येक हात भरते. ही मोकळीक इंजिनाला उपकारक ठरते, कारण सगळी गाडी एकदम उचलण्याऐवजी ते एकेक वाघीण हलवत जाते. पण शेवटची वाघीण हलते, तेव्हा पुढच्या भागाने वेग घेतलेला असतो, म्हणून तिला हिसका जोराचा बसतो. ब्रेक लावताना हेच उलट दिशेने घडते. केळीचा घड वरून धड दिसतो आणि डाग पिकताना उमटतो, हे आपणास सांगायला नको.

ब्रिटनमध्ये तीन कड्यांच्या सैल साखळीने जोडलेल्या मालगाड्या विसाव्या शतकातही बराच काळ धावत होत्या. साखळ्यांना हिसके बसू नयेत म्हणून शेवटच्या डब्यातला गार्ड हाताने ब्रेक आवळून गाडी ताणलेली ठेवत असे, आणि ते मोठ्या कौशल्याचे काम होते. आपल्याकडे लाल डबे नवे असताना प्रवाशांनीही हिसक्यांची तक्रार केली होती. ती रास्त होती, आणि कपलरच्या मागे बसणारा धक्काशोषक संच बदलून तो दोष बराच कमी करण्यात आला. सावदा, निंभोरा आणि रावेर येथून जाणाऱ्या फळाला बंद वाघिणीपेक्षा पार्सलचे डबे का मानवतात, याचे एक कारण कमी हिसके हेही आहे.

प्रश्न : आपोआप जुळणारी जोडणी इतकी चांगली असेल, तर युरोप तिचा स्वीकार का करत नाही? – एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : आपला प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्याचे उत्तर जपानपासून सुरू केलेले बरे. जपाननेही इंग्रजी वळणाचे बफर आणि स्क्रू कपलिंग घेतले होते. होक्काइदो बेटावर मात्र अमेरिकन अभियंत्यांचा हात असल्यामुळे तिथे अमेरिकन वळणाची जोडणी होती. जोडणाऱ्या कामगारांना होणाऱ्या इजा पाहून जपानच्या रेल्वेने सगळी वाहने बदलायचे ठरवले. अडचण अशी होती की अर्धी वाहने नव्या आणि अर्धी जुन्या जोडणीची असली तर ती एकमेकांना जोडताच येत नाहीत. म्हणून कित्येक वर्षे तयारी झाली. नवे कपलर आधीच बनवून वाघिणींच्या खाली टांगून ठेवले, त्या वाघिणी ते ओझे घेऊन देशभर फिरत राहिल्या आणि कामगारांनी बदलण्याचा सराव केला. १७ जुलै १९२५ रोजी होन्शू बेटावरील मालवाहतूक थांबवून एकाच दिवसात वाघिणींचे कपलर बदलण्यात आले आणि तीन दिवसांनी क्यूशू बेटावर तेच झाले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात इतकी शिस्तबद्ध गोष्ट मला क्वचितच आढळली आहे.

जपानला हे साधले, कारण मुख्य मार्ग एकाच सरकारी रेल्वेच्या हाती होते आणि देश बेटांचा असल्याने शेजारच्या देशाची वाघीण त्यांच्या रुळांवर येत नव्हती. युरोपात पोलंडमध्ये भरलेली वाघीण जर्मनी आणि फ्रान्स ओलांडून जाते, तिची मालक तिसऱ्याच देशातली कंपनी असते आणि प्रत्येक देशाच्या खजिन्याची स्थिती वेगळी असते. शिवाय खर्च वाघिणीच्या मालकाने करायचा आणि लाभ मुख्यतः यार्ड चालवणाऱ्याला मिळायचा, अशी ही विषम वाटणी आहे. पूर्व आणि पश्चिम युरोपने मिळून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका समान स्वयंचलित कपलरची आखणी केली होती, पण सत्तरच्या दशकात ती योजना खर्चापायी बारगळली. त्यानंतरही कित्येक वर्षे पोलंड आणि बेलारूस यांच्या सीमेवर ब्रेस्ट येथे प्रवासी डब्यांच्या खालच्या बोग्यांबरोबर, म्हणजे चाकांच्या सांगाड्यांबरोबर, कपलरही बदलावे लागत होते, कारण पलीकडे रशियन गेज आणि रशियन जोडणी सुरू होते.

स्क्रू कपलिंगला ताकदीची मर्यादाही आहे. युरोपातील नेहमीचे कपलिंग सुमारे ८५ टनांच्या ओढीला तुटते आणि म्हणून तिथल्या मालगाड्या अमेरिकेच्या किंवा आपल्या मालगाड्यांइतक्या जड होऊ शकत नाहीत. माणसाने हाताने उचलायचे कपलिंग अधिक जाड करायलाही सीमा आहे. उत्तर स्वीडनमधील किरुना येथून नॉर्वेतील नार्विक बंदरापर्यंत लोहखनिज वाहणाऱ्या गाड्यांना याच कारणाने रशियन एसए-३ कपलर लावले आहेत.

आता युरोपातील रेल्वेंनी पुन्हा हे काम हाती घेतले आहे. कार्ल शार्फेनबर्ग यांनी १९०३ मध्ये जर्मनीत ज्या कपलरचे पेटंट घेतले, तो प्रकार आजवर मुख्यतः मेट्रो आणि जलद प्रवासी गाड्यांवर वापरला गेला. त्याचेच मालगाडीसाठी केलेले रूप २०२१ मध्ये निवडण्यात आले आहे. त्यात लोखंड जुळते तेव्हाच ब्रेकची हवा, वीज आणि संदेशाच्या ताराही जुळतात, म्हणजे पाइप जोडण्यासाठीसुद्धा कुणाला आत जावे लागणार नाही. जवळपास ५ लाख वाघिणी बदलायच्या आहेत आणि पैसा कोणी द्यायचा यावर देशादेशांत बोलणी चालू आहेत. तोवर हॅम्बर्गच्या यार्डातला कामगार वाघीण जोडण्यासाठी बफरखालून वाकूनच आत जाणार आहे.